सुटलेले पोट आणि हृदयविकाराचा धोका : प्रौढांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'खात्यापित्या घरचा माणूस आहे, थोडे पोट असायचेच' असे म्हणून आपल्याकडे हा विषय बहुतेक वेळा हसण्यावारी नेला जातो. हृदयविकाराचा पहिला झटका येऊन गेल्यावर मात्र तोच माणूस आणि त्याचे कुटुंब हेच प्रश्न अतिशय काळजीने विचारू लागतात. ते प्रश्न आधी विचारले जावेत, या इच्छेने पुढील उत्तरे लिहिली आहेत. भारतीय प्रौढांनी वजनकाट्यावरच्या आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष कमरेच्या घेराकडे द्यावे, असा या उत्तरांचा आग्रह आहे.

लठ्ठपणामुळेच हृदयविकार होतो, की लठ्ठ माणसांना मधुमेह आणि रक्तदाब असतो म्हणून तो होतो?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ साली सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात हजारो रहिवाशांच्या प्रकृतीची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. त्यातील २६ वर्षांच्या नोंदींचे विश्लेषण १९८३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा परिणाम वजा करूनही लठ्ठपणाचा स्वतंत्र वाटा उरतो, असे दिसून आले. त्यानंतरच्या संशोधनातून हेही स्पष्ट झाले की धोक्याचा मोठा भाग रक्तदाब, रक्तातील साखर आणि चरबीचे बिघडलेले प्रमाण या वाटांनीच हृदयापर्यंत पोहोचतो. पण याचा अर्थ लठ्ठपणा निर्दोष आहे असा मुळीच होत नाही, कारण या वाटा बहुतेक वेळा त्यानेच उघडलेल्या असतात. रक्तदाबाची गोळी नियमित घेणाऱ्या माणसाने 'आता पोटाची काळजी नको' असे समजू नये, ते यासाठीच.

सर्व चरबी सारखीच नाही का? पोटाच्या चरबीलाच दोष का दिला जातो?

सर्व चरबी सारखी नसते. फ्रान्समधील मार्सेय येथील डॉक्टर जाँ व्हाग यांनी १९४७ सालीच असे मांडले होते की मांड्या आणि नितंबांवर साठणाऱ्या चरबीपेक्षा शरीराच्या वरच्या भागात व पोटाभोवती साठणारी चरबी मधुमेह आणि धमन्यांच्या विकारांशी अधिक जोडलेली असते. पुढील संशोधनाने याला भक्कम दुजोरा दिला.

पोटाची चरबीही दोन ठिकाणी असते. चिमटीत धरता येते ती त्वचेखालची चरबी. तिच्याखाली, स्नायूंच्या भिंतीच्या आत, आतडी आणि यकृत यांच्याभोवती जी साठते ती खरी चिंतेची. या आतल्या चरबीतून मेदाम्ले सतत सुटत असतात आणि त्यांतील बराच वाटा थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात उतरतो. यकृतात मेद साचू लागतो, म्हणजेच सोनोग्राफीच्या अहवालात 'फॅटी लिव्हर' असे लिहून येते. यकृत मग ट्रायग्लिसराइड हा मेद अधिक प्रमाणात रक्तात सोडते, एचडीएल हे संरक्षक म्हणजे 'चांगले' कोलेस्टेरॉल घटते, एलडीएल या 'वाईट' कोलेस्टेरॉलचे कण लहान आणि घट्ट होतात आणि धमनीच्या अस्तरात सहज शिरतात. त्याच वेळी इन्सुलिनला शरीर पूर्वीसारखे दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन तयार करावे लागते. मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात आणि रक्तदाब चढतो.

याखेरीज ही चरबी स्वतःच एखाद्या ग्रंथीसारखी वागते. ती दाह वाढवणारी रसायने रक्तात सोडते, आणि धमन्यांना उपकारक असलेल्या अ‍ॅडिपोनेक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण मात्र घटते. हृदयाच्या धमन्यांमध्ये जे थर साचतात ते फुटून गुठळी होण्याची शक्यता अशा दाहामुळे वाढते, आणि बहुतेक झटके थर फुटल्यामुळेच येतात. फॅटी लिव्हरचा अहवाल 'हल्ली सगळ्यांनाच असते' म्हणून कपाटात ठेवून देण्याची सवय म्हणूनच फार महागात पडते.

माझे हातपाय बारीक आहेत, वजनही बेताचे आहे, फक्त पोट थोडे पुढे आहे. मला धोका आहे का?

आहे, आणि हा प्रश्न भारतीयांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा आहे.

पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर अनेक दशके काम केले आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३ होता, म्हणजे दोघेही कागदोपत्री सडपातळ होते. पण शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ते ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाले. भारतीय माणूस बारीक दिसत असला तरी त्याच्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखवून दिले. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जन्मलेल्या बाळांच्या अभ्यासात तर असे आढळले की इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असूनही या बाळांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून असते. कमी पडतात ते स्नायू आणि पोटातील अवयव. म्हणजे या शरीररचनेची सुरुवात आईच्या पोटातच होते, आणि तिच्यासाठी कोणा माणसाला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे.

५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासाने २००५ साली दाखवले की पहिल्या झटक्याचा अंदाज बांधण्यासाठी बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंब यांच्या घेरांचे गुणोत्तर अधिक उपयोगी ठरते. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातील रुग्णांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला होता, तर इतर देशांतील रुग्णांना तो सुमारे ५९ व्या वर्षी. ही सहा वर्षे म्हणजे मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते चालू असण्याची वर्षे आहेत.

बीएमआय कसा काढतात आणि भारतीयांसाठी मर्यादा कोणती?

किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. १६५ सेंटीमीटर उंची आणि ७० किलो वजन असलेल्या व्यक्तीचा बीएमआय २५.७ येतो. आंतरराष्ट्रीय मोजमापानुसार ही व्यक्ती केवळ 'वजन जास्त' या गटात बसते, कारण तिथे लठ्ठपणा ३० पासून धरतात. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २००९ साली ठरवलेल्या मर्यादेनुसार मात्र २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा मानला जातो. परदेशी संकेतस्थळावर किंवा परदेशी बनावटीच्या अ‍ॅपवर हिरवी खूण दिसली म्हणून निश्चिंत होऊ नये.

कमरेचा घेर घरी कसा मोजावा?

शिंप्याकडे असते तशी कापडी टेप घ्यावी. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कडा हाताने चाचपून पाहावा आणि त्या दोहोंच्या मध्यावर, उघड्या अंगावर, टेप जमिनीला समांतर गुंडाळावी. नेहमीसारखा श्वास सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता, आकडा वाचावा. पुरुषांमध्ये ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक घेर भारतीयांसाठी धोक्याचा मानला जातो.

पँटचा नंबर हे कमरेचे माप नव्हे, हे इथे आवर्जून सांगायला हवे. पोट सुटलेले बहुतेक पुरुष पट्टा पोटाच्या खाली बांधतात. त्यामुळे 'कॉलेजपासून माझी कंबर ३४ च आहे' असे सांगणाऱ्या गृहस्थांच्या पोटाभोवती योग्य जागी टेप लावली की आकडा ३८ इंचांच्या, म्हणजे ९६ सेंटीमीटरच्या पुढे जातो. साडी नेसणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तर कपडे घट्ट होणे ही सूचनाही मिळत नाही, त्यामुळे वाढता घेर वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

टेप नसेल तर सुतळी आपल्या उंचीइतकी कापून ती मधोमध दुमडावी. दुमडलेली सुतळी कमरेभोवती पुरली नाही, तर घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक आहे आणि डॉक्टरांना भेटण्याची वेळ झाली आहे असे समजावे.

माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग लठ्ठपणाची काळजी कशाला?

आजचे रिपोर्ट चांगले असणे ही समाधानाची बाब आहे, पण ती कायमची हमी नव्हे. ब्रिटनमध्ये सुमारे ३५ लाख लोकांच्या वैद्यकीय नोंदी तपासून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा रक्तातील चरबीचा दोष नसलेल्या लठ्ठ व्यक्तींनाही तशाच निरोगी पण सामान्य वजनाच्या व्यक्तींपेक्षा हृदयाच्या धमन्यांचा विकार होण्याचा धोका सुमारे ४९ टक्के अधिक असल्याचे आढळले. यांपैकी अनेकांचे रिपोर्ट काही वर्षांनी बिघडतातच. रिपोर्ट चांगले असतानाच हालचाल केली, तर थोड्या प्रयत्नात बरेच साधते.

धमन्यांत अडथळे येण्याखेरीज लठ्ठपणाचा हृदयावर काही परिणाम होतो का?

होतो, आणि त्याकडे फार दुर्लक्ष होते. शरीर मोठे झाले की हृदयाला अधिक रक्त पंप करावे लागते. वर्षानुवर्षे हा भार सोसून हृदयाच्या भिंती जाड आणि ताठर होतात, नीट सैल होत नाहीत, आणि जिना चढताना दम लागू लागतो. अँजिओग्राफीत एकही अडथळा नसताना हार्ट फेल्युअर झालेल्या रुग्णांमध्ये हे चित्र नेहमी दिसते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा, धोकाही वाढतो आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो.

जोरात घोरणे हा विनोदाचा विषय नाही. झोपेत श्वास अडकून पुन्हा सुरू होत असेल, सकाळी डोके जड होत असेल, दिवसा गाडी चालवताना डोळा लागत असेल, तर हा स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. औषधांना दाद न देणाऱ्या रक्तदाबामागे अनेकदा तोच असतो. असे घोरणे त्या व्यक्तीला स्वतःला कळत नाही, म्हणून ते डॉक्टरांना जोडीदारानेच सांगावे.

स्त्रियांना हृदयविकाराचा धोका कमी असतो ना?

पाळी चालू असेपर्यंत पुरुषांच्या तुलनेत तो कमी असतो. पाळी थांबण्याच्या सुमारास चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते आणि हे संरक्षण ओसरते. ज्यांना गरोदरपणात मधुमेह किंवा रक्तदाब झाला होता, किंवा ज्यांना पीसीओएसचा (संप्रेरके बिघडून पाळी अनियमित होण्याचा) त्रास आहे, त्यांनी तर पाळी थांबण्याची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५६.७ टक्के स्त्रियांचे कंबर-नितंब गुणोत्तर धोक्याच्या पातळीवर आढळले; पुरुषांमध्ये हे प्रमाण ४७.७ टक्के होते. घरातील सर्वांची पथ्ये सांभाळणाऱ्या बाईचा स्वतःचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, असे विचारले तर अनेक घरांत उत्तर मिळत नाही.

किती वजन कमी केले म्हणजे फरक पडतो?

सध्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के. ८० किलोच्या व्यक्तीसाठी हे ४ ते ८ किलो होतात. एवढ्यानेही रक्तदाब, ट्रायग्लिसराइड, साखर आणि यकृतातील मेद यांत मोजता येण्याजोगी सुधारणा होते. रक्तदाबाच्या वरच्या आकड्यात तर ढोबळमानाने किलोमागे एक अंक उतरतो.

मात्र प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की अमेरिकेत मधुमेही व्यक्तींवर झालेल्या 'लुक अहेड' या मोठ्या चाचणीत, आहार-व्यायामाने सरासरी ६ टक्क्यांच्या आसपास वजन उतरवूनही हृदयविकाराच्या घटनांमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. पहिल्याच वर्षी १० टक्के किंवा अधिक वजन उतरवलेल्यांमध्ये मात्र नंतरच्या विश्लेषणात धोका कमी असल्याचे दिसले. म्हणून वजन उतरू लागले तरी रक्तदाबाची, साखरेची किंवा कोलेस्टेरॉलची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत आणि वजन उतरवणे हा तंबाखू व सिगारेट सोडण्याला पर्याय आहे असे समजू नये.

घरच्या जेवणात नेमके काय बदलावे?

पहिल्यांदा तेलाचा डबा पाहावा. चार माणसांच्या घरात ५ लिटरचा डबा महिनाभरात संपत असेल, तर प्रत्येकाच्या पोटात रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल जाते आणि एकट्या तेलातूनच सुमारे ३४० कॅलरी मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला २००० कॅलरींच्या आहारासाठी तेल-तूप २७ ग्रॅम सुचवले आहे. बाहेरचे वडे, मिसळीवरची तर्री आणि फरसाण या हिशेबात आलेलेच नाहीत. फोडणी पळीने न घालता चमच्याने मोजून घालणे, हा बदल स्वयंपाक करणाऱ्याला दोन आठवड्यांत अंगवळणी पडतो आणि चवीत फारसा फरक जाणवत नाही.

दुसरी गोष्ट चहाची. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला सुमारे ४० ग्रॅम साखर, तीही काहीही न खाता. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून कॅलरी घटत नाहीत.

तिसरी गोष्ट ताटातील वाटणीची आहे. आपल्या ताटात पोळी-भात भरपूर आणि वरण पातळ असते. दोन वाट्या भाताऐवजी एक वाटी भात आणि एक वाटी घट्ट उसळ, पिठले, अंडी किंवा मासे घेतले, तर पोट भरते आणि स्नायूही टिकतात. कोकण-गोव्यातील घरांत मासे रोजचेच असतात. तिथे रवा लावून तळलेल्या तुकडीपेक्षा कालवण बरे, आणि कालवणासोबतचा भात बेतानेच वाढून घ्यावा. ज्वारी-नाचणीची भाकरी चांगलीच आहे, कारण तिला तेल लागत नाही आणि ती सावकाश खाल्ली जाते, पण चार भाकऱ्या खाऊन वजन उतरत नाही.

उपवासाबद्दल वेगळे सांगावे लागते. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. त्यात दाण्याचे कूट, बटाटा आणि तूप घालून केलेली खिचडी, सोबत वेफर्स आणि बटाट्याचा चिवडा, असा दिवस 'एकादशी, दुप्पट खाशी' या म्हणीची आठवण करून देतो. श्रद्धेने उपवास करणाऱ्यांनी तो जरूर करावा. वरीची म्हणजे भगरीची पेज, ताक, फळे, राजगिरा यांवर तो करता येतो. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

लोणचे, पापड आणि फरसाण यांतील मीठ धरून दिवसाला एकूण ५ ग्रॅम, म्हणजे एका लहान चमच्याइतके, मीठ पुरेसे आहे.

रोज फिरायला जातो, तरी पोट जात नाही. चालणे व्यर्थ आहे का?

अजिबात नाही. वजन तेच राहूनही नियमित व्यायामाने आतली चरबी आणि रक्तदाब घटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही असा वेग. बागेत गप्पा मारत दोन फेऱ्या आणि परतीच्या वाटेवर बटाटावडा, या क्रमात चालण्याचा लाभ उरत नाही. स्नायू मुळात कमी असलेल्या आपल्या शरीरासाठी उठाबशा, वजने उचलणे, जिने चढणे हे चालण्याइतकेच महत्त्वाचे आहे. ज्यांना छातीत दडपण येते किंवा ज्यांचा हृदयविकार आधीच निदान झाला आहे, त्यांनी तपासणीनंतरच सुरुवात करावी.

वजन कमी करण्याच्या नव्या इंजेक्शनांचा हृदयाला फायदा होतो का?

एका मोठ्या चाचणीत झाला आहे. 'सिलेक्ट' नावाच्या चाचणीत आधीच हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या, मधुमेह नसलेल्या, ४५ वर्षे किंवा अधिक वयाच्या आणि किमान २७ बीएमआय असलेल्या १७,६०४ व्यक्तींचा समावेश होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, सेमाग्लुटाइड या वजन कमी करणाऱ्या औषधाचे साप्ताहिक इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ६.५ टक्के व्यक्तींना हृदयविकाराने मृत्यू, झटका किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी झाले. औषध नसलेले इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ८ टक्के होते. हा फायदा खरा आहे, पण तो कोणत्या लोकांत सिद्ध झाला हे विसरता कामा नये. लग्नाआधी चार किलो उतरवू पाहणाऱ्या निरोगी तरुणांसाठी ही चाचणी नव्हती.

मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्रास अनेकांना होतात, चरबीबरोबर स्नायूही घटतात आणि इंजेक्शन थांबवल्यावर उतरलेले वजन बरेचसे परत येते. स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्यांनी आणि कुटुंबात विशिष्ट प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग असलेल्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावे. व्यायामशाळेतील ओळखीतून किंवा चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये.

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया केव्हा विचारात घ्यावी?

तीव्र लठ्ठपणा असेल, किंवा लठ्ठपणासोबत आटोक्यात न येणारा मधुमेह असेल आणि इतर प्रयत्न करून झाले असतील, तेव्हा. १९८७ साली सुरू झालेल्या स्वीडनमधील दीर्घ अभ्यासात अशा शस्त्रक्रियेनंतर हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झाल्याचे आढळले आहे. त्यानंतर जीवनसत्त्वे आणि तपासण्या आयुष्यभर चालू ठेवाव्या लागतात, हे आधीच समजून घ्यावे.

पोट सुटलेल्या, पण काही त्रास नसलेल्या व्यक्तीने कोणत्या तपासण्या कराव्यात?

रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणारी चाचणी), लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी), यकृत व मूत्रपिंडाच्या साध्या चाचण्या, आणि डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास ईसीजी. तिशीनंतर ही सुरुवात करावी. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, अथवा आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर ती आणखी लवकर करावी. लक्षणे नसताना महागडी पॅकेजे घेण्यापेक्षा हे थोडे आकडे दरवर्षी एका वहीत लिहून ठेवणे अधिक उपयोगी पडते. एखादे डॉक्टर जाडीवरून टोचून बोलले म्हणून पुन्हा दवाखान्याची पायरीच चढायची नाही, असे अनेक जण ठरवतात. त्यांनी डॉक्टर बदलावा, तपासणी सोडू नये.

छातीत जळजळते, पित्ताची गोळी घेतली की बरे वाटते. हृदयाचे दुखणे कसे ओळखावे?

पोट सुटलेल्या व्यक्तींना आम्लपित्त खरोखरच जास्त होते, आणि म्हणूनच ही गल्लत त्यांच्या बाबतीत सर्वांत घातक ठरते. चालताना किंवा जिना चढताना येणारे आणि थांबल्यावर ओसरणारे दडपण पित्ताचे नसते; अशा त्रासासाठी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. छातीत, जबड्यात, खांद्यात, डाव्या हातात किंवा पोटाच्या वरच्या भागात जडपणा येऊन तो काही मिनिटांत गेला नाही, सोबत दरदरून घाम, दम किंवा उलटी झाली, तर पित्त समजून सोडा किंवा ओवा घेत बसू नये. मधुमेही व्यक्तींना आणि स्त्रियांना छातीत न दुखता केवळ दम लागणे, अचानक गळून जाणे किंवा मळमळणे एवढेच होऊ शकते. अशा वेळी स्वतः दुचाकी चालवत निघू नये; १०८ वर फोन करावा आणि ईसीजीची व शक्यतो अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयात थेट जावे. मध्यरात्री कोणाला त्रास कशाला द्यायचा, या संकोचाने सकाळची वाट पाहू नये, कारण अडलेल्या धमनीच्या पलीकडचा हृदयाचा स्नायू पहिल्या काही तासांतच कायमचा निकामी होतो.